लग्नपत्रिकांच्या पाठीवर तिबेट

गुरुजी,

तुम्ही गेले त्या दिवशी वैनगंगा अर्धा तास उलटी वाहिली, आणि वडशाच्या पुलावरून मी ते माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं, असं मी ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सांगायला घेतलं होतं. पाच-सहा जण जमलेही होते. मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं काळी-पिवळी चालवली, पंचवीस वर्षांत या तोंडात थाप कधी अडखळली नाही. त्या दिवशी नुसती हवा बाहेर आली. मी गाडीत जाऊन बसलो. माझ्या बाजूच्या सीटवर कोणीतरी तांदळाचं पोतं ठेवलं होतं. ते उचलून मागं टाकलं. मग परत आणून पुढं ठेवलं. ती सीट रिकामी बघवत नव्हती.

नदी उलटी वाहिली नाही हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या थापा तुम्ही पहिल्या गिअरलाच पकडायचे. मी ‘एकदा काय झालं’ म्हटलं की तुमची डावी भुवई वर जायची. काही थापा मात्र सुटल्या. भुवई वर गेली नाही, कारण तोवर तुमचे डोळे गेले होते. त्या सुटलेल्या थापांसाठी हे लिहितो आहे.

वंदनाताईंनी तुमच्या स्मरणिकेसाठी दोन पानं मागितली. ‘शालिकभाऊ, बाबांची एखादी मजेदार आठवण लिहा,’ म्हणाल्या. मजेदार आठवणी माझ्याकडं ट्रकभर आहेत, वरून ताडपत्री बांधावी लागेल इतक्या. पण मागच्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत जे झालं, त्यानंतर लिहिण्यासारखी एकच गोष्ट उरली. ती मी तोंडी सांगितली तर लोक हसले. छापलेलं लोक खरं मानतात. तेवढ्या भरवशावर बसलो आहे.

तुम्ही पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा मी सीट भरेपर्यंत लोकांना वाघाची गोष्ट सांगत होतो. आरमोरीच्या रस्त्यावर वाघानं माझ्या गाडीला पंजा दाखवला, मी ब्रेक मारला, तो मागच्या सीटवर दोन बायांच्या मध्ये सभ्यपणे बसला आणि नाका आल्यावर ‘इथीच उतरव’ म्हणाला. सगळे हसत होते. तुम्ही मफलर सारखा करत विचारलं, ‘काऊन गा, वाघ कोन्या भाषेत बोल्ला?’

‘झाडीबोलीत, गुरुजी. आपलाच वाघ होता.’

‘तिबेटीत वाघाले काय म्हनते, माहीत हाये का तुले?’

आता तिबेटीत वाघाला काय म्हणतात हे ब्रह्मपुरी तालुक्यात कोणाला माहीत असणार! तुम्ही सांगितलं, लिहितात ‘स्तग’, आणि हल्ली म्हणतात नुसतं ‘ता’. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी ज्यांनी ते लिहिलं, ते लोक सगळी अक्षरं तोंडानं म्हणत असले पाहिजेत. उगाच कोण कशाला लिहील? मग तुम्ही गाडीतल्या अकरा माणसांकडून ‘स्तग’ म्हणवून घेतलं. हायस्कूलातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण वर्ग सापडला की तुम्हाला राहवायचं नाही. वडशापर्यंत आमची गाडी ‘स्तग! स्तग!’ ओरडत गेली. रस्त्याच्या कडेला मोहाखाली उभी असलेली एक म्हैस पळाली. हे खरं आहे, गुरुजी, तुम्ही साक्षीला होते.

तुम्ही निघाले होते वडशाच्या पुढं, जिल्ह्याची हद्द ओलांडली की जंगलात जी तिबेटी वसाहत आहे तिथं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचं तिथं काय काम, मी विचारलं. तुम्ही म्हणाले, आपल्याकडून गेलेले ग्रंथ आपल्याकडं उरले नाहीत, त्यांच्या भाषेत उरले, म्हणून पालीनंतर तिबेटी धरली. ‘पन आता मले ग्रंथ नाई पायजे. कागद पायजे.’ आणि कागदांची गोष्ट सांगितली. दूर वाळवंटात एका गुहेत कोंबून ठेवलेले कागद. कोणाची पत्रं, कोणाच्या याद्या, शकुन-अपशकुन, कायदे. शिकारीत एखादा माणूस याकखाली सापडला आणि सोबतच्यानं त्याला सोडवलं नाही, तर सोबतच्याचं काय करायचं, त्याचासुद्धा कायदा. आता त्या कागदांचे फोटो संगणकावर दिसतात आणि ब्रह्मपुरीतला झेरॉक्सवाला ते छापून देतो. मी थापा मारण्यात पंडित. पण त्या दिवशी मला वाटलं, या माणसाकडं माझ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि वर हा म्हणतो आहे ती खरी आहे. माझ्या धंद्याला हा मोठाच धक्का होता.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी बाजूची सीट तुमची झाली.

वसाहतीत तुम्ही पेमाबाईकडं जायचे. ती हिवाळ्यात ब्रह्मपुरीच्या बाजारात स्वेटर विकते, बाकी वर्षभर आपल्यासारखं धान लावते. तिच्या अंगणात रंगीत पताकांखाली खाट टाकलेली असायची. तुमची दोघांची भांडणं ऐकायला मी गाडी सावलीत लावून थांबायचो. सगळ्यांत जुनं भांडण आठ या आकड्यावरून. लिहायचं ब, र, ग, य, द, एवढं सगळं एकात एक अडकवून, आणि पेमाबाई म्हणायची ‘ग्ये’. तुम्ही मात्र पाचही अक्षरं म्हणायचे. तुमची मान हलायची, कपाळावर शीर यायची, चहा सांडायचा.

‘गुरुजी, ऐसा तो मेरे परदादा का परदादा भी नहीं बोलता था,’ पेमाबाई पोट धरून म्हणायची.

‘त्याच्या परदादाचा परदादा बोलत होता, बाई! तोच लिहून गेला!’

‘फिर उसको खाना निगलने में तकलीफ होती होगी.’

हे भांडण मिटलं नाही. मिटवायची कोणाला घाईही नव्हती.

मला लिपी कशी आली हे लोक विचारतात. मी सांगतो, एका लामानं माझ्या कपाळाला अंगठा लावला आणि मी घडाघडा वाचायला लागलो. खरी गोष्ट अशी, की सीट भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा आणि तुम्हाला रिकामा माणूस बघवायचा नाही. धुळीच्या बोनेटवर बोटानं तुम्ही मला अक्षरं शिकवली. मग व्याकरण. तुम्ही म्हणाले, ‘शालिकनं गाडी चालवली’ यातला ‘नं’ आहे ना, तसाच एक तुकडा त्यांच्याकडं आहे. काम करणाऱ्याच्या मागं लागतो, कोणी केलं ते लपू देत नाही. शिवाय आपल्या ‘म्हणे’सारखा एक इवला शब्द आहे, ऐकीव गोष्ट सांगितली की वाक्याच्या शेवटी बसतो. ‘तुह्या सगळ्या गोष्टीले तो लावाले पायजे,’ तुम्ही म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, तो लावला तर गाडीत बसेल कोण?

आणि पत्रिका. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्या भागात उन्हाळ्यात लग्नं किती, हे माझ्या तोंडून ऐकू नका, मी लाखात सांगेन. तुमच्याकडं अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका यायच्या, कारण अर्धा तालुका तुम्ही शिकवलेला. लग्न लागलं की तुम्ही ती पत्रिका कात्रीनं नीट मधोमध कापून तिच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. एका पत्रिकेत दोन कार्डं. एका बाजूला वधू-वरांची अर्धी नावं, लग्नाची तारीख, ‘आहेर आणू नये’. दुसऱ्या बाजूला हजार वर्षांपूर्वीचा एक शब्द, तुमच्या बारीक अक्षरात त्याचा मराठी अर्थ, तो कोणत्या कागदावर कोणत्या ओळीत आला ते, आणि खाली उदाहरण. अशी कार्डं चपलांच्या खोक्यांत, लाकडी पट्ट्या लावून. ‘हे झालं की आपल्या पोराइले तिबेटी शिकाले इंग्रजीच्या दारातून जा लागनार नाई,’ तुम्ही म्हणायचे. ‘झाडीतून सिध्धं.’ असा कोश आजवर कोणी केला नव्हता, निदान तुमच्या-माझ्या ऐकण्यात नव्हता.

मग काचबिंदू आला.

तुम्ही त्याबद्दल कुरकुरले नाही. एका शनिवारी गाडीत फक्त म्हणाले, ‘शालिक, आता तुह्या डोळ्यानं वाचावं लागते.’ त्या दिवसापासून मी वाचायचो, तुम्ही ऐकायचे. दुपारच्या गाड्या भाच्याला दिल्या. तुमच्या पडवीत कूलरसमोर झेरॉक्स आणि भिंग घेऊन मी एकेक अक्षर सांगायचो, तुम्ही ते जोडून शब्द करायचे, मी तिबेटी-हिंदी कोशात शोधायचो, तुम्ही अर्थ सांगायचे आणि मी तो माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात पत्रिकेच्या पाठीवर उतरवायचो. दोन उन्हाळे. मी आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम तेच. आणि खोटं कशाला बोलू, सर्वांत सुखाचंही.

पण झेरॉक्सवर डाग असायचे. माझं बोट एखाद्या काळ्या धब्ब्यापाशी येऊन थांबायचं. तुम्ही मान वर करून वाट बघत बसायचे, शाळेच्या घंटेची वाट बघणाऱ्या पोरासारखं तोंड करून. ‘हं, पुढं?’ मी म्हणायचो, दिसत नाही. तुमचं तोंड उतरायचं. तुम्हाला वाटायचं, डोळे असते तर मला दिसलं असतं. ते तुम्ही कधी बोलले नाही, पण मला ऐकू यायचं.

पहिल्यांदा मी जे केलं ते एवढंसं होतं. धब्ब्याच्या जागी एक बरं दिसणारं अक्षर सांगितलं. तुम्ही खुश होऊन पुढं गेले. दुसऱ्यांदा अर्थही कोशात सापडला म्हणून सांगितला. मला ते सोपं होतं, गुरुजी. दुसऱ्याला जन्मभर जमणार नाही ते मी श्वास घेता घेता करतो.

आणि मग ते पत्र आलं. कोण्या आजारी माणसाला लिहिलेलं. तब्येत विचारली आहे, अदबीचे शब्द आहेत, आणि मग ‘सोबत पाठवतो आहे’. काय पाठवतो आहे, तिथं मोठा धब्बा. तुम्ही खाटेवर सरळ उठून बसले. ‘काय पाठवलं गा?’

त्याच आठवड्यात गाडीत तुम्ही मला तुमच्या आईचं सांगितलं होतं. बाप जंगलातून बांबू तोडून यायचा, तेव्हा ती पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी असायची. तो पाणी पिऊन गडवा खाली ठेवेपर्यंत एक शब्द विचारायची नाही. ‘उशीर का झाला?’ नाही, ‘काय मिळालं?’ नाही, सोबतचे कुठं आहेत तेही नाही. आधी पाणी. तुम्ही म्हणाले होते, ‘त्या पान्याले आपल्या भाषेत शब्द नाई.’

मी तो शब्द तुम्हाला देऊन टाकला. तीन अक्षरं मनची सांगितली. कोशाची पानं फडफडवली. आणि म्हटलं, ‘गुरुजी, मिळाला. जंगलातून किंवा दूरच्या वाटेवरून आलेल्याला काही न विचारता द्यायचं पाणी.’

तुम्ही चष्मा काढला, जो आता कामाचा नव्हता, आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. म्हणाले, ‘लिव. जाड अक्षरात लिव.’

तुम्ही भोळे नव्हते. पुढच्याच शनिवारी पेमाबाईला विचारलं, असा शब्द तू ऐकला आहेस का? मे महिना, डोळ्यांना दिसत नाही, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून तुम्ही तिच्यासमोर बसलेले. पेमाबाईनं तुमच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाली, ‘हाँ, है ना. बहुत पुराना शब्द है. मेरी माँ बोलती थी.’

गुरुजी, माझ्या थापेला तिबेटात आई निघाली! त्या क्षणी मलाच वाटलं, असेल. तीन अक्षरं माझ्या तोंडी उगाच आली नसतील. थाप मारणाऱ्याची यापेक्षा वाईट अवस्था नसते, की त्याला स्वतःचंच खरं वाटायला लागावं.

त्या एका शब्दावर तुम्ही वर्ष काढलं. वाचनालयात तासभर व्याख्यान दिलं. बर्फाच्या देशातली बाई आणि झाडीतली बाई, दोघी दारात उभ्या, हातात तेच पाणी. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्ही मला हाताला धरून उभं केलं. ‘हा शब्द यानं वाचला.’ मी मान खाली घालून उभा राहिलो आणि लोकांना वाटलं, शालिक लाजला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला ते कार्ड म्हणून दाखवायला सांगितलं. मला पाठ होतं, आपल्या लेकराचं नाव पाठ असतं तसं. तुम्ही ऐकून म्हणाले, ‘बाकी खोके पान्यात गेले तरी चालते. हे एक राह्यलं पायजे.’ मी म्हटलं, ‘गुरुजी, एक सांगाचं हाये.’ तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली.

स्वतःला सांगतो तेव्हा मी इथंच थांबतो, नर्सवर ढकलतो. पण नर्स दोन मिनिटांत गेली, गुरुजी. त्यानंतर भरपूर वेळ होता. तुम्ही विचारलंसुद्धा, ‘काय सांगून राह्यला होता?’ आणि मी तुम्हाला माजरीच्या खाणीतल्या माणसाची गोष्ट सांगितली. तो कोळसा खोदत खोदत इतका खाली गेला की पलीकडून थंडी वाजायला लागली, डोकं बाहेर काढलं तर समोर याक. तुम्ही हसले. खोकला येईपर्यंत हसले. तेच आपलं शेवटचं बोलणं. मला तुमचं शेवटचं हसणं मिळालं म्हणून लोक मला भाग्यवान म्हणतात. ते मी कशाच्या बदल्यात घेतलं, हे माझं मला माहीत.

रविवारी पुण्यानुमोदनाला मंडपात माणूस मावत नव्हता. मी खरंच मोजले नाहीत म्हणून आकडा सांगत नाही. बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण बोलला. वंदनाताईंनी सांगितलं, वसाहतीतली शाळा तुमचे सगळे खोके घेणार आहे आणि तुमच्या नावानं कोश छापणार आहे. तिबेटी-मराठी. पंधरा दिवसांत छपाईला जाईल. पहिल्या पानावर पाण्याचा शब्द. लोकांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं.

मी उठलो. माईक धरला. म्हटलं, ‘मंडळी, तो शब्द खोटा हाये. मी बनवला. आनखी काही कार्डंबी खोटी हायेत. छापू नका.’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘आता शालिकनं तिबेटी भाषाच बनवली म्हनते!’ आणि सगळा मंडप हसला. दुःखाच्या जागी दाबून हसतात तसं, पण हसला. ‘वाघाले गाडीत बसवनारा मानूस हाये, काहीबी करू शकते.’ मी ओरडून सांगत होतो, खरं आहे. जितकं ओरडलो तितके ते हसले. वंदनाताई जवळ आल्या, डोळे पुसत हसल्या आणि माझ्या हातातून माईक घेतला. ‘शालिकभाऊ, बाबांना आवडलं असतं हे. बसा तुम्ही.’

मी बसलो. पंचवीस वर्षं ज्या माणसांना मी मनाला येईल ते खरं म्हणून दिलं, त्यांच्याकडं माझं एक खरं चालेना.

रविवारी मंडपात असलेली पेमाबाई सोमवारी सकाळी बसनं परत ब्रह्मपुरीला आली. स्वेटरचे दिवस नव्हते. स्टँडवर सरळ माझ्या गाडीपाशी आली आणि तुमच्या सीटवर बसली.

‘शालिकभाऊ, तू कल सच बोला.’

‘तुले कसं समजलं?’

‘मैं भी झूठ बोली थी ना.’ ती समोरच्या काचेकडं बघत होती. ‘मेरी माँ ऐसा कुछ नहीं बोलती थी. गुरुजी का मुँह देखा, तो निकल गया.’

एका बाईनं येऊन विचारलं, गाडी कधी निघते. मी म्हटलं, आज नाही निघत.

वंदनाताईंकडं आम्ही बरोबर गेलो. या वेळी त्या हसल्या नाहीत. पेमाबाई बोलत असताना त्यांचा चेहरा तुमच्यासारखा होत गेला, भुवई आणि सगळं. शेवटी म्हणाल्या, ‘बाबांनी शेवटचं वर्ष त्या शब्दावर घालवलं, शालिकभाऊ.’ एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग खोक्यांकडं बोट दाखवून म्हणाल्या, ‘किती खोटी आहेत? कोणती?’

आणि मला ते सांगता येईना. खऱ्या-खोट्या दोन्हींवर माझंच अक्षर, माझंच पेन, आणि डोळे जाता जाता तुमचंही अक्षर माझ्यासारखंच झालेलं. मी मारलेल्या थापा मी लक्षात ठेवत नाही. ठेवल्या असत्या तर डोकं फुटून मेलो असतो.

पेमाबाईनं एक कार्ड उचललं, उलटं केलं आणि त्यावरची तारीख वाचली. ‘ये शादी कब की है?’ तेव्हा उलगडलं. लग्न लागल्याशिवाय तुम्ही पत्रिका कापत नव्हते, कापलेली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उरू देत नव्हते, आणि मी लिहायला बसलो ते फक्त शेवटचे दोन उन्हाळे. म्हणजे त्याआधीच्या लग्नांच्या पाठीवरचं सगळं तुमचं, शाबूत. फक्त या दोन वर्षांतले नवरे-नवऱ्या संशयित. आम्ही लग्नाच्या तारखा लावून, तारीख नसलेल्या अर्ध्यांचे जोड नावांवरून जुळवून, कार्डं वेगळी काढली. पाचशेच्या वर निघाली. ज्यांच्या लग्नात मी जेवलो होतो, त्या पोरींच्या नावांमागं माझी पापं लपली होती.

वंदनाताईंनी छपाई थांबवली. नागपूरला परत जायचं पुढं ढकललं आणि लॅपटॉपवर त्या गुहेतल्या कागदांचे फोटो मोठे करून दिले. मी ओळ शोधतो, पेमाबाई अक्षरं म्हणते, वंदनाताई कोश उघडतात. कोश मी हातात धरायचा नाही, असं ठरलं आहे. मीच ठरवलं. आतापर्यंत नऊ खोटी सापडली. प्रत्येक सापडली की वंदनाताई माझ्याकडं बघतात आणि मी त्यांच्याकडं बघत नाही. पण त्या नऊ कार्डांमधली पाच तुम्ही अंधारात बसून ओळखली होती, गुरुजी. वंदनाताईंनी तुमच्या फोनवरची रेकॉर्डिंगं लावली, तुम्ही स्वतःशीच बडबडत होते ती. ‘शालिकनं इथी गडबड केली असंल, तपासा लागते.’ पाच वेळा. पाण्याच्या शब्दाच्या वेळी मात्र तुमचा आवाज वेगळा आहे. त्या वेळी तुम्ही तपासायचं म्हटलं नाही. मी ती रेकॉर्डिंग पुन्हा लावू दिली नाही.

परवा आम्ही ते पत्र उघडलं. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. धब्बा नव्हताच. तो ब्रह्मपुरीच्या झेरॉक्स मशीनचा होता. कागदावर त्या जागी अक्षरं स्वच्छ होती, हजार वर्षांपूर्वी ज्यानं लिहिलं त्याचा हात जरासुद्धा थरथरला नव्हता. ‘फ’ला खाली ‘य’ जोडलेला, वर मात्रा. वंदनाताईंनी कोशात पाहिलं.

पीठ.

कोणीतरी आजारी माणसाला पीठ पाठवलं, गुरुजी. बास. पाणी नाही, दारात उभी बाई नाही, जंगल नाही. पीठ.

तुमचं कार्ड मी फाडणार होतो. वंदनाताईंनी हात धरला. म्हणाल्या, पहिली ओळ खोडा, कोणी लिहिली ते लिहा, आणि खाली खरं लिहा. तसं केलं. ‘हा अर्थ शालिकनं बनवला’ असं माझ्या अक्षरात आहे. आईचं पाणी तुमचं तुम्हाला परत. त्याला आपल्या भाषेत शब्द नाही हे तुम्ही म्हणाले तेच खरं होतं, आणि मी ते तसंच राहू द्यायला पाहिजे होतं.

तुम्ही असते तर आधी चिडले असते. महिनाभर बाजूच्या सीटवर बसले नसते. आणि मग एखाद्या शनिवारी मफलर सारखा करत येऊन बसले असते आणि विचारलं असतं, ‘पीठ कायचं गा? कोनं पाठवलं? कोनाच्या हाती?’ कारण तुम्हाला पीठसुद्धा पुरलं असतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, माणसाला गोड काहीतरी द्यावं लागतं.

पीठ या शब्दाच्या पुढं, कागद विरला आहे तिथं, अजून एक शब्द आहे. कशाचं पीठ ते बहुतेक त्यातच आहे. त्यातलं मधलं अक्षर पेमाबाईला लागत नाही, वंदनाताईंना लागत नाही. मी काल दिवसभर भिंग धरून बसलो. नव्या कार्डावर तेवढी जागा कोरी ठेवली आहे, आणि बाजूला लिहिलं आहे: मला वाचता आलं नाही.